कडेची कारागिरी

दाढेवर कॅप बसवून झाली की माणूस आधी आरसा मागतो. रंग जुळला का, शेजारच्या दातांत शोभते का, एवढं पाहून तो समाधानाने घरी जातो. कॅपचं आयुष्य मात्र आरशात न दिसणाऱ्या जागी ठरतं. हिरडीलगत जिथे कॅप संपते आणि खरा दात सुरू होतो, ती कड. ती घडवतो डेंटल लॅबमधला तंत्रज्ञ. ज्याच्या तोंडात ती पुढची कित्येक वर्षं राहणार, त्या माणसाची आणि त्याची बहुधा कधी गाठही पडत नाही.

या कडेपाशी कॅप आणि दात यांच्यात उरणारी फट सिमेंटने भरलेली असते. हे सिमेंट लाळेत हळूहळू झिजतं. फट मोठी असेल तर जिवाणू आत शिरतात आणि कॅपखालचा दात किडू लागतो. रूट कॅनॉल झालेला दात ठणकतही नाही, त्यामुळे कॅप हलायला लागेपर्यंत पत्ता लागत नाही. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी 1971 मध्ये या फटीसाठी सुचवलेली 120 मायक्रॉनची मर्यादा आजही मापदंड म्हणून सांगितली जाते. म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा हिस्सा.

अडचण अशी की कॅप ज्या वस्तूंतून घडते त्या एकजात आकसणाऱ्या. मेण गार होताना आकसतं, धातू ओतल्यावर आकसतो, पोर्सिलेन भाजताना आकसतं. या आकसण्याचा हिशेब राखून कड अखेर जागच्या जागी आणायची, हीच या कामातली खरी विद्या.

डॉक्टरांनी घासून लहान केलेल्या दाताचं माप लॅबमध्ये येतं. त्यात कडक प्लास्टर ओतून दाताची प्रतिकृती होते, तिला डाय म्हणतात. तंत्रज्ञ डाय भिंगाखाली धरून कडेखालचं जादा प्लास्टर खरवडतो आणि कडेवरून लाल पेन्सिल फिरवतो. सिमेंटला जागा राहावी म्हणून डायवर स्पेसरचा पातळ हात देतो, पण कडेजवळची पट्टी कोरी सोडतो. मग तापवलेल्या हत्याराने थेंब थेंब मेण चढवत दाढेचे उंचवटे, खाचा उभ्या करतो. आकार पुरा झाला की कडेवरचं मेण पुन्हा वितळवून बसवतो, कारण पहिल्या खेपेला गार होताना ते डायपासून किंचित सुटलेलं असतं. घाईत ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत वाया.

या मेणाभोवती साच्याचं मिश्रण ओततात, भट्टीत मेण जळून जातं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू शिरतो. मोहेंजोदडोची नर्तकी आणि चोळांचे नटराज याच रीतीने ओतले गेले. दंतवैद्यकात ही रीत रुळली ती अमेरिकेतले दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी 1907 मध्ये आपलं ओतकाम जगापुढे मांडल्यावर. मूर्ती दीड टक्का लहान झाली तर काही बिघडत नाही. सोन्याचा मिश्रधातू गार होताना साधारण तेवढाच आकसतो, आणि तेवढ्यानेही कॅप दातावर नीट उतरत नाही. म्हणून साच्याचं मिश्रणच असं घेतात की ते घट्ट होताना आणि तापताना तेवढं फुगावं. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं निकेल-क्रोम सोन्याहून जास्त आकसतं, त्याला वेगळं मिश्रण लागतं.

धातूवर पोर्सिलेन चढवणं फार काळ साधलं नव्हतं. डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड, वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे आजोबा, निव्वळ पोर्सिलेनच्या देखण्या कॅप करत, पण त्या चावताना तडकत. धातूवर भाजावं तर दोघांचं प्रसरण वेगळं, त्यामुळे गार होताना वरचा थर फुटे. पोर्सिलेनमध्ये ल्यूसाइट या खनिजाचं प्रमाण साधून हे प्रसरण धातूच्या जवळ आणण्याची युक्ती 1962 च्या वाइनस्टीन पेटंटांनी दिली आणि आज ज्याला आपण सिरॅमिक कॅप म्हणतो तिचा मार्ग मोकळा झाला. अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ धातू, त्याचा करडेपणा झाकणारा अपारदर्शक थर, मग दाताच्या रंगाचं पोर्सिलेन आणि टोकाला अर्धपारदर्शक. ओल्या रांगोळीसारखी ही पावडर ब्रशने रचायची, कागदाने पाणी टिपायचं. भट्टीत जाताना हा दात मुद्दाम मोठा, बेढब असतो. बाहेर येतो तेव्हा मापात बसतो.

रंगासाठी जगभर व्हिटा कंपनीच्या 16 छटांची पट्टी चालते. डॉक्टरांनी कॅपसाठी दात घासण्याआधी, दिवसाच्या उजेडात रंग पाहावा, कारण तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकून पांढरट दिसतात. यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइडयुक्त पाण्यावर वाढलेल्या माणसाच्या दातावरचे तपकिरी डाग मात्र या पट्टीत सापडत नाहीत. तिथे ब्रशच्या टोकाने एकेक डाग रंगवावा लागतो, आणि अशी कॅप शेजारच्या दातांत मिसळून गेली तर तिला मी कलाकृतीच म्हणेन.

गेल्या काही वर्षांत मेण आणि ओतकामाची जागा झपाट्याने झिरकोनिया हे सिरॅमिक घेतं आहे. कॉम्प्युटरवर आकार आखायचा आणि यंत्राने खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून कोरायचा. पण इथेही आकसणं सुटलेलं नाही. सुमारे 1500 अंशांवर झिरकोनिया 20 ते 25 टक्के आकसतं, म्हणून यंत्र कॅप तेवढी मोठी कोरतं. हिशेब आता सॉफ्टवेअर करतं. कड कुठे आहे हे पडद्यावर दाखवायला मात्र जाणती नजरच लागते. माप धूसर आलं असेल तर यंत्र चुकीची कडही तितक्याच नेमकेपणाने कोरून देतं.

एक दाढ काढून टाकलेली असेल तर मागचा-पुढचा दात घासून तीन दातांचा ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॅप, बसवतात. मधल्या खोट्या दाताचा भार त्या दोन दातांच्या मुळांवर येतो. दोन शाबूत दात त्यासाठी घासणं ही मोठी किंमत आहे, असं माझं ठाम मत आहे. हाड चांगलं असेल आणि परवडत असेल तर इम्प्लांटचा विचार आधी व्हावा. शेजारचे दात मुळातच मोठ्या फिलिंगचे किंवा रूट कॅनॉलचे असतील, तर ब्रिजसारखा उपाय नाही. मधल्या दाताखालून फ्लॉस फिरेल एवढी वाट मात्र तंत्रज्ञाने ठेवायलाच हवी. तिथे अन्न अडकलं की आधी हिरडी सुजते आणि मग आधाराचे दात धोक्यात येतात.

1948 च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल मेकॅनिकची, म्हणजे याच तंत्रज्ञाची, स्वतंत्र नोंदवही ठेवली. तरीही कॅपच्या बिलावर लॅबचं नाव क्वचितच दिसतं. ते विचारावं. कोणता धातू, कोणतं झिरकोनिया, तेही विचारावं. आणि सिमेंट लावण्याआधी कॅप नुसती बसवून पाहताना घाई करू नये. चांगला डॉक्टर तेव्हा कडेवरून टोकदार प्रोब गोल फिरवतो. प्रोब अडखळला तर कॅप परत जाते, लॅबमध्ये नवं माप ओतलं जातं आणि काम पुन्हा लाल पेन्सिलीपासून सुरू होतं.