गेमचा धंदा करायचाय? आधी इंजिनचं लायसन्स वाचा

दुकान भाड्यानं घेताना आपण करारनामा नीट वाचतो. मालकानं मध्येच भाडं वाढवलं तर काय, हे आधीच विचारतो. गेम बनवतानाही हेच विचारा.

गेम ज्या सॉफ्टवेअरवर उभा राहतो, त्याला गेम इंजिन म्हणतात. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या मोठ्या इंजिनच्या कंपनीनं, ठरावीक कमाई आणि इन्स्टॉलचा आकडा ओलांडला की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे फी लागेल, असं जाहीर केलं. गेम तर आधीच बाजारात! डेव्हलपर भडकले. वर्षभरानं फी रद्द झाली, पण धडा मिळाला.

इथं गोडो कामाला येतं. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी बनवलेलं हे इंजिन २०१४ मध्ये एमआयटी लायसन्सखाली ओपन सोर्स झालं. रॉयल्टी शून्य, गेम तुमचा. अट एवढीच, की लायसन्सचा मजकूर गेमसोबत द्यायचा. एकाच प्रोजेक्टमधून अँड्रॉइड, विंडोज, लिनक्स आणि ब्राउझरसाठी गेम काढता येतो. ‘ब्रोटाटो’ हा गाजलेला गेम गोडोवरच बनलाय.

पण फुकट म्हणजे बिनखर्चाचं नाही हं! गूगल प्लेचं खातं उघडायला एकदाच २५ डॉलर, ॲपलला वर्षाला ९९ डॉलर आणि आयफोनसाठी मॅकही लागतो. शिवाय तुमचे महिने जातात, ते वेगळेच.

म्हणून आधी एक छोटा गेम पूर्ण करा, अँड्रॉइडवर विकून बघा. गल्ल्यात पैसे आले की मग पुढचा खर्च.