विमान कंपनीच बंद पडली, तर तिकिटाचे पैसे परत मिळतात का?

मे महिना. मुलांच्या परीक्षा संपलेल्या. श्रीनगरची तिकिटं तीन महिने आधीच काढलेली, हॉटेलला ॲडव्हान्स दिलेला, बॅगा भरून दारात ठेवलेल्या. आणि मोबाईलवर मेसेज येतो, 'तुमचं विमान रद्द झालं आहे.'

मे २०२३ मध्ये 'गो फर्स्ट'च्या अनेक प्रवाशांवर अशीच वेळ आली. ही वाडिया समूहाची, मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी, म्हणजे आधीची 'गोएअर'. २ मे रोजी तिने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३ मेपासून उड्डाणं थांबवली. सुरुवातीला दोन-तीन दिवसांचीच उड्डाणं रद्द असल्याचं जाहीर झालं. मग तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. कंपनीची विमानसेवा परत सुरू झालीच नाही. २० जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला.

अशा वेळी प्रवाशाला पैसे परत मिळण्याचा हक्क असतो का? असतो. मग पैसे का मिळत नाहीत? आणि मिळवायचे असतील तर नेमकं काय करायचं?

नियम काय सांगतो?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) नियम प्रवाशाच्या बाजूचे आहेत. कंपनीने विमान रद्द केलं, तर तिने तुम्हाला दुसरं विमान द्यायचं किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत करायचे. पुरेशी आधी कल्पना दिली नसेल आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर काही परिस्थितीत वर भरपाईही मिळते. ती उड्डाणाच्या वेळेनुसार ठरते आणि जास्तीत जास्त १० हजार रुपये असते.

क्रेडिट कार्डने पैसे भरले असतील तर परतावा सात दिवसांत द्यावा, असं हा नियम सांगतो. एजंट किंवा वेबसाइटकडून तिकीट काढलं असेल तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी मानला जातो. परत द्यायची रक्कम 'क्रेडिट शेल'मध्ये, म्हणजे पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच जमा ठेवायची का, हे प्रवाशाने ठरवायचं. कंपनी तशी सक्ती करू शकत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये 'इंडिगो'ची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा सरकारने मुदत घालून परतावे द्यायला लावले आणि कंपनीने शेकडो कोटी रुपये परत केले. असाच आदेश डीजीसीएने मे २०२३ मध्ये 'गो फर्स्ट'लाही दिला होता, की नियमातल्या मुदतीत प्रवाशांचे पैसे परत करा.

आदेश सारखा, पण परिणाम वेगळा. कारण 'इंडिगो' चालू कंपनी होती. 'गो फर्स्ट'ची तिजोरी मात्र दिवाळखोरी कायद्याच्या ताब्यात गेली होती.

पैसे अडकतात कुठे?

१० मे २०२३ ला एनसीएलटीने 'गो फर्स्ट'चा अर्ज दाखल करून घेतला. त्या क्षणी दोन गोष्टी झाल्या.

एक, कंपनीचा कारभार जुन्या व्यवस्थापनाकडून काढून न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे गेला. सुरुवातीला त्याला अंतरिम आणि नंतर रिझोल्युशन प्रोफेशनल म्हणतात.

दोन, दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ नुसार मोरॅटोरियम लागू झाला, म्हणजे कंपनीविरुद्धच्या सगळ्या वसुलीला स्थगिती. बँक असो, पुरवठादार असो की प्रवासी, कोणालाच कंपनीकडून परस्पर पैसे वसूल करता येत नाहीत. ग्राहक आयोगातली कंपनीविरुद्धची केसही तिथेच थांबते.

या स्थगितीमागे तर्क आहे. बुडत्या कंपनीकडे जे काही उरलंय ते पहिल्यांदा धावत येणाऱ्याच्या हाती लागू नये, सगळ्यांना क्रमाने मिळावं. पण त्यामुळे सात दिवसांत परताव्याचा नियम कागदावरच राहतो. 'गो फर्स्ट'च्या बाबतीत प्रवाशांचे पैसे परत करायची परवानगी मागायला खुद्द रिझोल्युशन प्रोफेशनललाच एनसीएलटीत अर्ज करावा लागला. ती रक्कम ६०० कोटींच्या आसपास होती.

रांगेत प्रवाशाचा नंबर कितवा?

कंपनी विकली किंवा मोडीत निघाली की पैसे कोणाला आधी द्यायचे याचा क्रम संहितेच्या कलम ५३ मध्ये ठरलेला आहे.

१. दिवाळखोरी प्रक्रियेचा आणि अवसायनाचा खर्च
२. कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण असलेल्या बँका
३. इतर कर्मचाऱ्यांचा शेवटच्या १२ महिन्यांचा पगार
४. तारण नसलेली आर्थिक कर्जं
५. सरकारी देणी आणि तारण विकूनही उरलेली बँकांची बाकी
६. उरलेली सगळी देणी
७. शेवटी भागधारक

तिकिटाचे पैसे आगाऊ भरलेला प्रवासी सहाव्या क्रमांकावर येतो. विमान कंपन्यांच्या बाबतीत अडचण आणखी मोठी असते, कारण त्यांची बहुतेक विमानं भाड्याची असतात. म्हणजे विकून पैसे उभे करावेत अशी मालमत्ताच कमी. पहिल्या तीन-चार पायऱ्यांवरच भांडं रिकामं होण्याची शक्यता जास्त.

आणि वेळ? 'जेट एअरवेज'चं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. ती कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला ७ नोव्हेंबर २०२४ ला. मध्ये साडेपाच वर्षं गेली.

मग पहिला फोन कोणाला करायचा?

विमान कंपनीच्या कस्टमर केअरला नाही, आपल्या बँकेला.

कार्डाने पैसे भरले असतील तर 'चार्जबॅक'चा मार्ग खुला असतो. 'पैसे घेतले पण सेवा दिली नाही' असा वाद तुम्ही कार्ड देणाऱ्या बँकेकडे नोंदवता. तुमची बँक तो कार्ड नेटवर्कमार्फत, पैसे स्वीकारणाऱ्या बँकेकडे पाठवते. तुमची बाजू खरी ठरली तर पैसे त्या बँकेच्या बाजूने परत येतात. तुम्ही बुडालेल्या कंपनीच्या दारात उभे नसता, म्हणून रांगेतल्या सहाव्या क्रमांकाचा प्रश्नच येत नाही. हे सगळ्यांच्या बाबतीत यशस्वी होईलच असं नाही, पण सगळ्यात जवळचा रस्ता हाच.

त्यासाठी हे लक्षात ठेवा.

• मुदत असते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत ती साधारण १२० दिवसांची आहे. प्रवास पुढच्या तारखेचा असेल तर ती सहसा प्रवासाच्या तारखेपासून मोजतात. तरी बँकेला विचारून घ्या आणि थांबू नका. 'उड्डाणं लवकरच सुरू होतील' या घोषणांवर विसंबून राहिलात तर ही मुदत निघून जाऊ शकते.

• तिकीट, पीएनआर, विमान रद्द झाल्याचा मेल किंवा मेसेज, कार्डाचं स्टेटमेंट आणि तुम्ही परतावा मागितल्याचा पुरावा एकत्र ठेवा. कंपनीची वेबसाइट कधीही बंद पडू शकते, म्हणून स्क्रीनशॉट आजच काढा.

• स्टेटमेंटवर पैसे कोणाच्या नावावर गेलेत ते पाहा. तिथे ट्रॅव्हल वेबसाइटचं नाव असेल तर चार्जबॅक त्या वेबसाइटविरुद्ध जाईल.

• तिकीट ईएमआयवर असेल तर वाद लेखी नोंदवा, पण परस्पर हप्ते थांबवू नका. क्रेडिट स्कोअर तुमचाच खराब होतो.

• बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत ऑनलाइन तक्रार करता येते.

यूपीआय किंवा नेट बँकिंगने पैसे भरले असतील तर कार्डाइतकं संरक्षण नाही. तरी ॲपमधून आणि बँकेकडे तक्रार नोंदवून ठेवा.

बँकेतून काम झालं नाही तर?

तेव्हा रांगेत उभं राहावं लागतं. दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला की जाहीर सूचना निघते. नेमणुकीपासून १४ दिवसांच्या आत दावे मागवले जातात, उशीर झाला तर साधारण ९० दिवसांपर्यंत संधी असते. ठरलेला फॉर्म, ओळखपत्र आणि तिकिटाचा पुरावा ऑनलाइन पाठवता येतो. त्यासाठी वकील लागतोच असं नाही.

सेवेसाठी आगाऊ पैसे दिलेला माणूसही 'ऑपरेशनल क्रेडिटर', म्हणजे व्यवहारातला घेणेकरी ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हिट्रो एनर्जीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे दावा नोंदवायला संकोच नको. मात्र हातात किती येईल याची आशा माफक ठेवा, आणि चार्जबॅकने पैसे मिळाले असतील तर त्याच रकमेचा दावा पुन्हा करू नका.

पॅकेज टूर घेतली असेल तर चित्र बदलतं. तुमचा व्यवहार टूर कंपनीशी आहे आणि मोरॅटोरियम फक्त दिवाळखोर कंपनीला वाचवतो. टूर कंपनीकडे पर्यायी विमान किंवा पैसे मागा. ती टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि पुढे ग्राहक आयोग आहे.

दुसऱ्या विमानात जागा मिळते का?

पर्यायी विमान देण्याचं बंधन उड्डाण रद्द करणाऱ्या कंपनीवर असतं. तीच बंद पडली तर इतर कंपन्यांनी तुम्हाला फुकट न्यावं असा नियम नाही. नवीन तिकीट तुमच्या खिशातून, तेही त्या दिवशीच्या चढ्या दराने. चार्जबॅकमध्ये जुन्या तिकिटाचीच रक्कम मिळते, वाढीव खर्च नाही. परतीचंच विमान रद्द झालं असेल तर फक्त न वापरलेल्या प्रवासाचे पैसे मागता येतात.

एक अपवाद आंतरराष्ट्रीय प्रवासात उपयोगी पडतो. ई-तिकिटाच्या १३ आकडी नंबरातले पहिले तीन आकडे तिकीट कोणत्या कंपनीने दिलंय ते सांगतात. उदाहरणार्थ, ०९८ म्हणजे एअर इंडिया, ५८९ म्हणजे जेट. विमान बुडालेल्या कंपनीचं असलं, पण तिकीट दुसऱ्या भागीदार कंपनीने दिलेलं असेल, तर पर्याय किंवा परतावा त्या चालू कंपनीकडे मागा.

प्रवास विम्यावर डोळे झाकून विसंबू नका. विमान कंपनीची दिवाळखोरी पॉलिसीत स्पष्टपणे समाविष्ट आहे का, हे वाचूनच बघावं लागतं.

इतर देशांत काय होतं?

ब्रिटनमध्ये पॅकेज टूरसाठी 'एटोल' नावाची योजना आहे. टूर कंपनी दर प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत भरते. २३ सप्टेंबर २०१९ ला 'थॉमस कुक' ही ब्रिटिश कंपनी बुडाली, तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख लोकांना तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाने घरी आणलं. शिवाय तिथे १०० ते ३० हजार पौंडांदरम्यानच्या खरेदीत क्रेडिट कार्ड कंपनीही कायद्याने जबाबदार असते. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिकीट काढताना हे लक्षात ठेवावं.

भारतात असा निधी नाही. पण विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची अडचण मात्र सरकारने लवकर ऐकली. 'गो फर्स्ट'च्या मोरॅटोरियममुळे त्यांची विमानं अडकली, तेव्हा ३ ऑक्टोबर २०२३ ला, म्हणजे पाच महिन्यांत, अधिसूचना काढून विमानं मोरॅटोरियममधून वगळली गेली. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करायचा आदेश दिला. २०२५ मध्ये तर या मालकांच्या संरक्षणासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला.

विमानं परत मिळाली नाहीत तर भारताला पुढे महाग भाड्याने विमानं घ्यावी लागतील, हे त्यामागचं कारण होतं आणि ते चुकीचं नव्हतं. पण त्याच कंपनीला महिनोन्‌महिने आधी पैसे देऊन ठेवणारा प्रवासी आजही सहाव्या क्रमांकावरच आहे. आगाऊ तिकिटांचे पैसे प्रवास होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवणं किंवा दर तिकिटामागे काही रुपयांचा निधी उभारणं, असे उपाय करता येतील. तोवर काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. कंपनीच्या पगार थकल्याच्या, विमानं जमिनीवर उभी असल्याच्या बातम्या येत असतील, तर सहा महिने आधीचं स्वस्त तिकीट काढताना दोनदा विचार करा. आणि काढायचंच असेल तर यूपीआयपेक्षा क्रेडिट कार्ड वापरा.