‘नेट होतु’ म्हणण्याची वेळ येऊ नये म्हणून

आपल्या भागात एकाच घरात दोन भाषा नांदतात. त्याची गंमत इंटरनेट बंद पडल्यावर कळते. धारवाडकडून आलेली सून म्हणते, ‘नेट होतु!’ सासूबाईंच्या मराठी कानाला ते ‘नेट होतं’ असे ऐकू येते. एकीच्या बोलण्याचा अर्थ ‘नेट गेले’, तर दुसरीच्या ऐकण्याचा अर्थ ‘मघापर्यंत होते, आता नाही’. भाषांतराची गरजच उरत नाही!

गंमत सोडली तर घरातले नेट आता पाण्याच्या टाकीसारखे सामायिक झाले आहे. मुलीच्या प्रवेश अर्जाचा शेवटचा दिवस, आजींचा पुण्याच्या लेकीशी रोजचा व्हिडिओ कॉल, मुलाचे बंगळूरच्या कंपनीसाठी घरून चाललेले काम, दारावरचा कॅमेरा हे सारे त्या एका जाळ्यावर अवलंबून असते. अशा वेळी एक दिवस मोबाईलवर सूचना झळकते, ‘आपल्या राउटरसाठी नवे फर्मवेअर उपलब्ध आहे.’ मग घरात दोन पक्ष पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘चालत्या गाडीला खीळ कशाला?’ तरुण पिढीने तोवर बटण दाबलेलेही असते.

या दोन्ही पक्षांच्या मधली एक तिसरी वाट आहे. नवे फर्मवेअर घ्यायचे, पण पारखून घ्यायचे आणि परतीची वाट मोकळी ठेवून घ्यायचे. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. एक वही, एक तार आणि थोडा धीर एवढे पुरते.

हे फर्मवेअर असते कुठे?

राउटर म्हणजे एक छोटा संगणकच. त्याच्या पोटात फ्लॅश नावाची एक चिप असते. वीज गेली तरी तिच्यावर लिहिलेले पुसले जात नाही. राउटर सुरू होताना कोणता प्रोग्राम उचलायचा, लहरी कोणत्या वाहिनीवर सोडायच्या, पासवर्ड कसा तपासायचा हे सारे या चिपवर लिहिलेले असते. तेच फर्मवेअर. ते बदलायचे म्हणजे चिपवरचा जुना मजकूर पुसून नवा लिहायचा. हे लिखाण अर्ध्यावर तुटले तर राउटर जागाच होत नाही. जाणकार त्याला ‘वीट झाली’ म्हणतात. पांडुरंगाला वीट चालते, आपल्याला मात्र तिचा उपयोग नाही.

मेश जाळ्यात असे एक नव्हे, दोन-तीन राउटर असतात. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती आणि वरच्या मजल्याचा स्लॅब यांतून लहरी नीट पार होत नाहीत. म्हणून मुख्य राउटर सोप्यात, एक स्वयंपाकघराजवळ आणि एक माडीवर ठेवतात. या प्रत्येकाला नोड म्हणतात. हे नोड एकमेकांशी बोलतात आणि आपला फोन चालता चालता एकाकडून दुसऱ्याकडे सोपवतात. नोडांमधले हे बोलणे तारेवरून झाले तर उत्तम. ते हवेतून होत असेल आणि त्यासाठी वेगळा रेडिओ नसेल, तर प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. कारण एकाच रेडिओला एका वाहिनीवर आधी ऐकून घ्यावे लागते आणि मग पुढे सांगावे लागते.

न बदलण्याचा धोका

‘चालतेय ना, मग राहू दे’ हे म्हणणे पंख्याच्या बाबतीत ठीक आहे. राउटर मात्र चोवीस तास बाहेरच्या जगाला जोडलेला असतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या मॅथी व्हानहोफ या संशोधकाने वायफायच्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षापद्धतीतली एक उणीव उघड केली. ‘क्रॅक’ या नावाने ती गाजली. तिचा फटका मुख्यतः फोन आणि लॅपटॉपना होता. पण जो राउटर दुसऱ्या राउटरला ग्राहकासारखा जोडला जातो, म्हणजे रिपीटर किंवा मेशचा नोड, तोही त्या तडाख्यात सापडला. त्यावर उपाय एकच होता, नवे फर्मवेअर.

२०१८ च्या मे महिन्यात ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आला. सिस्को कंपनीच्या टॅलोस या संशोधन गटाच्या अंदाजानुसार किमान ५४ देशांतल्या ५ लाखांहून अधिक उपकरणांत तो शिरला होता. त्यांत घरगुती आणि छोट्या कचेऱ्यांतले राउटर मोठ्या संख्येने होते. ज्यांच्याकडे तो शिरला त्यांचे नेट नेहमीसारखेच चालत होते. खरी मेख तिथेच आहे. राउटर चालतो म्हणजे तो सुरक्षित आहे असे नाही.

घाईचा धोका

दुसरी बाजूही तितकीच खरी. नवे फर्मवेअर घातल्यावर कधी सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. कधी सुरक्षा डब्ल्यूपीए-३ वर सरकते आणि घरातला जुना फोन किंवा प्रिंटर जोडलाच जात नाही. कधी मुख्य राउटरची आवृत्ती नवी आणि माडीवरच्या नोडची जुनी राहते, आणि दोघांचे बोलणे तुटते. कंपनीने आपल्या प्रयोगशाळेत चाचणी घेतलेली असते, पण तिथे तुमच्या घराची दगडी भिंत नसते आणि तुमचा आठ वर्षांचा प्रिंटरही नसतो. म्हणून शेवटची चाचणी आपल्यालाच घ्यावी लागते.

आधी वही, मग बटण

चाचणी सुरू होते ती जुन्या फर्मवेअरवर. आधी कसे चालत होते याची नोंदच नसेल, तर नंतर सुधारले की बिघडले हे ठरवणार कशावरून? ‘जरा फास्ट वाटतंय’ ही नोंद नव्हे.

घरातल्या तीन जागा ठरवा : मुख्य राउटरजवळ, स्वयंपाकघर आणि माडी. फोन तोच, जागा तीच, वेळही तीच. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा मोजून मधला आकडा वहीत लिहा. मोजायच्या गोष्टी मोजक्याच. पहिली, लहरींची ताकद. ती डीबीएम या मापात उणे आकड्यांत येते. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, उणे ८० च्या खाली गेले की रडगाणे सुरू. दुसरी गोष्ट म्हणजे वेग. तिसरी म्हणजे विलंब, ज्याला पिंग म्हणतात : पाठवलेल्या निरोपाला उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते.

पिंग दोनदा घ्यावा. एकदा आपल्याच राउटरला आणि एकदा बाहेरच्या एखाद्या ठिकाणाला. समजा, माडीवरून घरच्या राउटरला ४ मिलिसेकंद लागले आणि बाहेर ३००, तर आपले जाळे निर्दोष आहे, अडचण बाहेरच्या लाइनीत आहे. उलट घरच्याच राउटरला २०० लागत असतील, तर केबलवाल्याला फोन करून उपयोग नाही. या एका तपासणीने अर्धी भांडणे मिटतात.

बाहेरचा पिंग आणखी एकदा, घरात कुणी मोठी फाईल उतरवत असताना घ्यावा. एकाने सिनेमा उतरवायला घेतला की दुसऱ्याचा कॉल अडखळतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे. राउटरमध्ये निरोपांची लांबलचक रांग साचते आणि छोट्या निरोपालाही त्याच रांगेत उभे राहावे लागते. याला ‘बफरब्लोट’ असे नाव आहे. ही रांग आटोक्यात ठेवण्याची ‘कोडेल’ नावाची रीत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. ती किंवा तिच्यावर आधारलेली व्यवस्था काही फर्मवेअरमध्ये असते. तेव्हा नव्या फर्मवेअरने नुसता वेग वाढला का हे पाहू नका, गर्दीत विलंब कमी झाला का तेही पाहा.

आणि एक बारकावा. जुन्या फर्मवेअरचे आकडे घेण्याआधी राउटर बंद करून पुन्हा चालू करा. कित्येक दिवस अखंड चाललेला राउटर नुसत्या रीस्टार्टनेही तरतरीत होतो. फर्मवेअर बदलताना रीस्टार्ट होतोच. मग श्रेय रीस्टार्टचे असते आणि आपण ते नव्या फर्मवेअरला देऊन बसतो.

परतीची वाट

राउटरच्या तळाशी चिकटवलेली पट्टी नीट वाचा. मॉडेल एकच असले तरी ‘व्ही १’ आणि ‘व्ही २’ यांच्या आतल्या चिपा निराळ्या असू शकतात. एकाची फाईल दुसऱ्याला घातली की वीट झालीच म्हणून समजा. सेटिंग्जची प्रत काढून ठेवा, सेटिंग्जच्या पानांचे फोटोही घ्या. नव्या फाईलसोबत जुनी फाईलही आधीच उतरवून ठेवा. नेट गेल्यावर ती कुठून आणणार? जुन्या आवृत्तीवर परतायला काही कंपन्या मुभा देत नाहीत, हेही आधी तपासा.

फाईल हवेतून न पाठवता लॅपटॉप तारेने जोडून पाठवा. आणि वीज! वळवाच्या दिवसांत ढग दाटून आलेले असताना हा उद्योग करू नये. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि लॅपटॉप दोन्ही त्यावर घ्यावेत.

नोड एकेक करून बदलायचे असतील, तर टोकाच्या नोडपासून सुरुवात करा आणि मुख्य राउटर शेवटी घ्या. मुख्य आधी बदलला आणि त्याचे टोकाच्याशी जमेनासे झाले, तर टोकाच्या नोडपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद होते. काही मेश संचांत ॲप सगळे नोड एकदम बदलते, तिथे क्रम आपल्या हाती नसतो. पण वेळ बहुधा असते. आपोआप होणारा बदल पहाटे तीनला लावा, परीक्षेच्या सकाळी नको. आणि घरात तशी वर्दी द्या. टाकी धुण्याचा दिवस आपण सगळ्यांना सांगतो, तसेच हे.

आठवडाभराची परीक्षा

नवे फर्मवेअर बसले की तीच वही, त्याच जागा, तीच मोजणी. त्यात आणखी तीन गोष्टींची भर घाला. व्हिडिओ कॉल चालू ठेवून सोप्यातून माडीपर्यंत चालत जा आणि कॉल कुठे अडखळतो ते पाहा. घरातले प्रत्येक उपकरण जोडून पाहा : प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा आणि आजींचा जुना फोन. तिसरी परीक्षा आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची. सगळ्या राउटरांची वीज एकदम बंद करून पुन्हा चालू करा. कुणी हात न लावता सगळे नोड पुन्हा एकमेकांना सापडतात का? जे जाळे वीज आल्यावर आपोआप उभे राहत नाही, ते वेगाने कितीही पुढे असले तरी आपल्या घरात कुचकामी.

मग आठवडाभर थांबा. राउटरची स्मृती हळूहळू भरत जाणे, दर दोन दिवसांनी एखादा नोड गळणे हे दोष पहिल्या तासात दिसत नाहीत. त्या आठवड्यात दुसरा कोणताही बदल करू नका. फर्मवेअर बदलले, राउटरची जागा बदलली आणि वाहिनीही बदलली, तर फरक कशाने पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

घरच्या परीक्षकांचे ऋण

या घरगुती चाचणीला मोठी परंपरा आहे. लिंक्सिस कंपनीचा ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ हा निळा-काळा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स हे मुक्त सॉफ्टवेअर वापरल्याचे उघड झाले आणि परवान्याच्या अटीनुसार २००३ मध्ये त्याचा मूळ कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प जन्मला. जगभरचे स्वयंसेवक आजही तो चालवतात. आपल्या देशात २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला वायफायचा वापर घराबाहेरही विनापरवाना खुला झाला. त्यानंतर हिमाचलातल्या धर्मशाळेत तिबेटी निर्वासितांच्या संस्थांना जोडणारे मेश जाळे असल्याच स्वस्त राउटरांतून उभे राहिले. ‘एअरजल्दी’ या नावाने ते ओळखले जाते.

अशा प्रकल्पांत फर्मवेअरच्या पायऱ्या असतात : रोजची कच्ची आवृत्ती, मग प्रकाशनपूर्व आणि शेवटी स्थिर. ज्या घरात कुणाची परीक्षा किंवा नोकरी नेटवर आहे, तिथे स्थिर आवृत्तीच घालावी. प्रयोगाची हौस असेल तर जुना राउटर बाजूला ठेवून त्यावर भागवावी. पण दोष सापडला तर कळवायला विसरू नये. नुसते ‘चालत नाही’ असे कळवून कुणाला बोध होत नाही. मॉडेल, व्ही क्रमांक, आवृत्ती, काय केल्यावर काय झाले आणि पुन्हा केल्यावरही तसेच झाले का, एवढे लिहिले की दूर कुठे बसलेल्या माणसाला तो दोष पकडता येतो. तुमच्या वहीतले पान तेव्हा हजारो घरांच्या कामी येते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कंपनीने आपल्या मॉडेलसाठी नवे फर्मवेअर देणे थांबवले आहे का, हे वर्षातून एकदा पाहावे. थांबवले असेल आणि खुले फर्मवेअरही त्यावर चालत नसेल, तर तो राउटर कितीही छान चालत असला तरी त्याला निवृत्ती द्यावी. सोन्यासारखा चालतो म्हणून ठेवून घेतलेला तो राउटर म्हणजे कुलूप मोडलेले दार. बाहेरून ते बंदच दिसते.