फटफटीची जागतिक शर्यत

संध्याकाळी औंढ्याच्या किंवा नांदेडच्या रस्त्याला उभे राहा, फटफट्यांची रांग काही संपत नाही. याच वाहनाची साऱ्या जगाची शर्यत लागते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावर असेल. ती चालते कशी, ते आज पाहू.

ही स्पर्धा १९४९ साली सुरू झाली. आपल्या शंकरपटासारखा तिचा निकाल एका दिवसात लागत नाही. वर्षभर देशोदेशी शर्यती होतात, गुण साठत जातात आणि शेवटी बेरजेत जो वरचढ, तो जगज्जेता. रविवारच्या मुख्य शर्यतीत पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, असे उतरत पंधराव्याला १ गुण. २०२३ पासून शनिवारीही निम्म्या अंतराची शर्यत ठेवली. तिच्यात पहिल्याला १२, दुसऱ्याला ९.

त्याच वर्षी, २२ ते २४ सप्टेंबरला, ही स्पर्धा प्रथमच भारतात आली. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध सर्किट नावाची धावपट्टी आहे. एक फेरी सुमारे पाच किलोमीटरची. गुरुजी, आता फळ्यावर मांडण्याजोगे गणित ऐका. इटलीचा बान्याया स्पेनच्या मार्टिनपेक्षा ३६ गुणांनी पुढे होता. शनिवारी मार्टिन पहिला, बान्याया दुसरा. अंतर ३३ झाले. रविवारी बान्याया दुसऱ्या क्रमांकावर असताना घसरला, गुण शून्य. मार्टिन दुसरा आला, त्याला २०. अंतर उरले १३! (शर्यत जिंकली ती इटलीच्याच बेझेकीने. वर्षाअखेर जगज्जेता मात्र बान्यायाच झाला.)

उन्हाचे तर विचारूच नका. २४ फेऱ्या ठरल्या होत्या, त्या उष्म्यामुळे २१ केल्या. तरीही अंगातले पाणी कमी होऊन मार्टिन शेवटी पार गळून गेला. अंगभर जाड कातडी पोशाख, आत पडताक्षणी फुगणारी हवेची पिशवी, आणि मांड्यांखाली तापलेले इंजिन. वसमतकडे हळद शिजवताना कढईपाशी उभे राहणाऱ्याला ही धग सांगायला नको.

या गाड्या साध्या नव्हेत. इंजिन १००० सीसीचे. रविवारच्या शर्यतीला २२ लिटरच पेट्रोल मिळे, आणि ते शंभर-सव्वाशे किलोमीटरला पुरवायचे. म्हणजे लिटरला पाच-सहा किलोमीटर! आपल्याला हे परवडायचे नाही.

पण पाहणाऱ्याचे डोळे दिपतात ते वळणावर. स्वार इतका कलतो की कोपर जमिनीला घासते. असे का? मुलांना कडुनिंबाभोवती जोरात पळायला लावा. अंग आपोआप झाडाकडे झुकते. वळताना आतल्या बाजूला ओढणारे बळ हवे असते, आणि ते चाक व जमीन यांच्या पकडीतूनच मिळते. गाडी ४५ अंश कलली तर ही आडवी पकड एकूण वजनाइतकी लागते. ६० अंशांना जवळजवळ पावणेदोन पट. शर्यतीचे टायर मऊ रबराचे, गुळगुळीत असतात आणि निघण्यापूर्वी विजेच्या पांघरुणात तापवलेले असतात, म्हणून ते एवढे धरून ठेवतात.

आता हेच आपल्या रस्त्यावर लावा. ताशी ३० किलोमीटरने घेतलेले वळण ६० ने घ्यायचे तर दुप्पट नव्हे, चौपट पकड लागते. इथे टायर थंड, रस्त्यावर माती, मुरूम, कधी ट्रॅक्टरमधून सांडलेला चिखल. चौपट पकड आणायची कोठून? एखादा मुलगा पडद्यावर ती शर्यत पाहून तसाच कलू लागला, तर त्याला रागावण्याआधी हा हिशोब दाखवावा, असे मला वाटते.

बान्याया घसरला, तरी त्याला इजा झाली नाही. शर्यतीच्या वळणाबाहेर मोकळी जागा मुद्दाम राखलेली असते आणि समोरून कोणी येत नाही. आपल्या वळणाबाहेर बाभूळ असते, पुलाचा कठडा असतो, नाहीतर दिव्याविना उभी राहिलेली उसाची ट्रॉली.