उतईच्या मैदानावर

दीक्षान्त संचलन पाहावयास निघालेल्या प्रत्येक आईची एक समजूत असते: आपला मुलगा आपणांस दुरूनही ओळखू येईल. वाचकहो, छत्तीसगडमध्ये भिलाईजवळ उतई येथे आपणही अशा प्रसंगी सहकुटुंब जाल, तेव्हा ही समजूत घरीच ठेवून जावी. मैदानावर शेकडो तरुण एकाच वेषात, एकाच उंचीवर हात उचलीत येतात. त्यांतला आपला कोणता, हे शोधण्यातच निम्मे संचलन संपते!

उतईला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. ही सेना नव्हे. केंद्रीय गृहमंत्रालयाचे सशस्त्र दल आहे. रांचीच्या अवजड अभियांत्रिकी कारखान्यात १९६४ साली मोठी आग लागली. तिच्या चौकशीनंतर सरकारी कारखान्यांसाठी स्वतंत्र रक्षकदल असावे असे ठरले आणि १० मार्च १९६९ रोजी हे दल उभे राहिले. भिलाईची पहिली झोतभट्टी त्याआधी दहा वर्षे, १९५९ मध्येच पेटली होती. पोलादाच्या शेजारी रक्षक घडावेत, हे शोभूनच दिसते. दुर्गचा हा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. जुन्या वैदर्भीय मंडळींना तो परका वाटत नाही.

जलद चालीत मिनिटाला १२० पावले, प्रत्येक पाऊल ३० इंचांचे. मंद चालीत मात्र पावले ७० वर येतात, आणि खरी परीक्षा तेथे होते. कारण एका पायावर तोल सांभाळीत दुसरा पाय सावकाश पुढे न्यावयाचा असतो. हुकूम हिंदीतले : ‘दाहिने देख’, ‘थम’. तमिळ मुलगा असो वा मराठी, पाऊल एकाच क्षणी पडावे लागते. मूक कवायतीत तर हुकूमही नसतो. प्रत्येक जण मनात आकडे मोजतो आणि बंदुका एकदम फिरतात. लहान मुले येथेच टाळ्या वाजवितात. मोठ्यांना मात्र शपथेच्या वेळी गहिवरून येते.

मला स्वतःला कवायतीतील स्थैर्य अधिक मोलाचे वाटते. हे दल २००० सालापासून विमानतळांवर आणि २००७ पासून दिल्लीच्या मेट्रोवर पहारा देते. तेथे चालणे थोडे, उभे राहणे फार. गर्दी धक्के देत जाते आणि नजर ढळू द्यावयाची नसते.

संचलन संपते, रांगा मोडतात. आता मुलगाच आईला शोधीत येतो. उन्हाने रापलेला, अंगाने उतरलेला. ती डब्यातला लाडू त्याच्या हातावर ठेवते. वडील नेमणुकीचे गाव विचारतात. ते नकाशात कोठे आहे, हे त्यांना ठाऊक नसते. आई एवढेच विचारते, “तिथं बसायला मिळतं का रे?”