बोवेनपल्लीच्या कचऱ्याचा हिशोब

हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजीबाजारात रोज सुमारे 10 टन कचरा निघतो. नासके टोमॅटो, कोबीची पानं, दबलेली फळं. पूर्वी हे सगळं कचरा डेपोत जायचं. आता सरकत्या पट्ट्यावरून ते यंत्रात येतं, बारीक होतं, त्याचा लगदा बंद टाकीत जातो आणि जिवाणू त्याचा बायोगॅस करतात. हे तंत्र शहरातल्याच भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचं. या गॅसपासून दिवसाला सुमारे 500 युनिट वीज निर्माण होते. तिच्यावर बाजारातले दिवे आणि गाळे चालतात. थोडा गॅस उपाहारगृहाच्या चुलीला मिळतो, उरलेल्या रबडीचं खत होतं.

‘एवढ्याशा विजेनं काय होणार?’ हा पहिला गैरसमज. भारतात एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे विजेपुरतीच रोजची बचत साडेतीनशे किलोंच्या आसपास. पण खरी कमाई विजेत नाहीच! डेपोत दबून कुजणाऱ्या भाजीतून मिथेन सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. इथे तो हवेत जायच्या आत कामाला लागतो.

‘गॅस जाळला तरी कार्बन सुटतोच की!’ सुटतो. मात्र तो काही महिन्यांपूर्वी त्याच भाजीनं हवेतून घेतलेला असतो. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता.

असेच गैरसमज विजेवरच्या वाहनांबद्दलही आहेत. तिथे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, धूर नाही म्हणजे उत्सर्जन शून्य. दुसरं म्हणतं, वीज कोळशाची, म्हणजे सगळं व्यर्थ. दोन्ही चूक. शंभर किलोमीटरला विजेवरची स्कूटर तीन-चार युनिट घेते, म्हणजे दोन ते तीन किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची स्कूटर दोन लिटर पिते आणि साडेचार किलोंहून जास्त सोडते. तेलंगणानं नोव्हेंबर 2024मध्ये अशा वाहनांचा रस्ता कर आणि नोंदणी शुल्क माफ केलं, ते योग्यच झालं. शिवाय ग्रिडमधला कोळसा जसजसा कमी होईल, तसतसा हा फायदा वाढेल. म्हणून सौर आणि पवन ऊर्जेकडेही तितकंच लक्ष हवं.

आणि तंत्रज्ञान म्हणजे महागडी यंत्रंच, हाही भ्रमच. तेलंगणाचं 2023चं शीत छत धोरण घर कमी तापावं म्हणून गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा लेप लावायला किंवा तशा फरशा बसवायला सांगतं. 2028पर्यंत राज्यात 300 चौरस किलोमीटर छतं अशी करायची आहेत. त्यातली 200 एकट्या हैदराबादेत.