पूर्वजांच्या शिळा आणि नवा रस्ता

शहर वाढू लागले की जिवंतांना जागा अपुरी पडते, आणि त्यांची दृष्टी मृतांच्या जागेकडे वळते. अशा वेळी गतकालाचे नेमके काय राखावयाचे, हा प्रश्न न्यूझीलंडच्या राजधानीला, वेलिंग्टनला, एकदा फार तीव्रतेने पडला.

१८४० साली न्यूझीलंड कंपनीच्या जहाजांतून इंग्रज वसाहतवाले या बंदरात उतरले. तेव्हापासूनच थॉर्नडन भागातील टेकडीवर त्यांची दफनभूमी आहे. पुढे तिचे तीन भाग झाले : एक अँग्लिकनांचा, एक ज्यूंचा आणि एक इतर सर्वांचा. १८९२ मध्ये, जुन्या कुटुंबांचा अपवाद सोडता, तेथील दफने बंद झाली.

येथे कोण विसावले आहेत? कंपनीचा सूत्रधार एडवर्ड गिबन वेकफील्ड येथे आहे. एका धनिकाच्या मुलीला फसवून पळवून नेल्याबद्दल त्याने तीन वर्षे कारावास भोगला, आणि वसाहतीचे आपले विचार तुरुंगातच लिहून काढले. त्याच्या कंपनीने माओरींकडून ज्या घाईने जमिनी घेतल्या, तिच्यातून पुढे मोठे तंटे उद्भवले. सॅम्युएल पार्नेल हा सुतारही येथेच आहे. वसाहतीत येताच त्याने दिवसाला आठच तास काम करीन अशी अट एका व्यापाऱ्याला घातली व ती मान्य करून घेतली.

याच टेकडीतून मोटारींचा हमरस्ता न्यावयाचे ठरले. नागरिकांनी १९६४ मध्ये संरक्षक मंडळ स्थापून विरोध केला; नाट्यदिग्दर्शिका नोला मिलर त्यात अग्रभागी होत्या. परंतु रस्ता झालाच. सुमारे ३,७०० मृतांचे अवशेष उकरून ते हिरवळीखालील एका सामाईक तळघरात ठेवण्यात आले. रस्त्याच्या पट्ट्यातील अनेक शिळा उरलेल्या भागात नेऊन उभ्या केल्या गेल्या. आज हे स्मृतिउद्यान दुभंगलेले आहे. मधून वाहने धावतात आणि वरून एक पादचारी पूल दोन्ही बाजू जोडतो.

आता असे पाहा. थडग्यावरची शिळा दोन गोष्टी सांगते : 'अमुक मनुष्य होऊन गेला' आणि 'तो येथे आहे'. शिळा हलविली की दुसरे विधान खोटे ठरते. पहिले टिकते, पण तेही शिळेवरची अक्षरे शाबूत असतील तोवरच. शिवाय ज्यांच्या वाट्याला दगड आलाच नाही, अशा गरिबांचे काय? त्यांचे नाव फक्त नोंदवहीत उरते. म्हणूनच या उद्यानात जुन्या चॅपेलच्या नमुन्यावर बांधलेल्या वास्तूत ठेवलेली मृतांची यादी मला शिळांइतकीच मोलाची वाटते. वेकफील्डला दगड आहे, चरित्रेही आहेत. अनाम मजुराला त्या यादीतील एक ओळ आहे. रस्ता कितीही रुंद झाला तरी तेवढी ओळ पुसली जाऊ नये.